किकला सुरू न होणारी जुनी मोटरसायकल: ठिणगी नेमकी अडते कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: पंचविसेक वर्षं जुनी, एका सिलिंडरची मोटरसायकल वर्षभर उभी होती. आता बाहेर काढली तर किकला दाद देत नाही. उतारावर ढकलून दोनदा सुरू झाली, पण दहा-पंधरा मिनिटांत गरम होऊन बंद पडली. प्लग नवा टाकलाय. प्लग बाहेर काढून पाहिलं तर ठिणगी ‘कधी दिसते, कधी नाही’. गॅरेजवाल्याने सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलायला सांगितलंय. बदलू का?

नका बदलू. आज तरी नका. सीडीआय हा बंद डबा आहे, उघडून आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून जे काही सापडत नाही त्याचं खापर त्याच्यावर फुटतं. ‘करंट येत नाही’ म्हणून माझ्यासमोर आलेल्या जुन्या गाड्यांमध्ये खरोखर सीडीआय गेलेल्या फार थोड्या निघाल्या. बाकीच्यांत प्लगची कॅप, सुटलेली अर्थ (फ्रेम-इंजिनाच्या धातूला केलेली जोडणी), किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), हिरवा पडलेला कपलर (वायरी जोडणारा सॉकेट) नाहीतर मॅग्नेटमधली, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकातली कॉइल. तुमच्या प्रश्नातच दोन मोठे धागेदोरे आहेत, ढकलून सुरू होणं आणि गरम झाल्यावर बंद पडणं. त्यांच्याकडे येतोच, पण आधी क्रमाने जाऊ.

पहिली पाच मिनिटं दोष इग्निशनचाच आहे ना, हे पाहण्यात घालवा. चोक लावून सात-आठ किका मारा आणि लगेच प्लग काढा. प्लग ओला असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतंय. अगदी कोरडा असेल तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय, आधी कार्बोरेटर उघडा. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारा, हवेने अंगठा उडवला पाहिजे. आणि वर्षभर टाकीत पडलेलं पेट्रोल काढून टाका, त्याला वॉर्निशसारखा वास येत असेल तर चांगल्या ठिणगीनेही ते पेटायला कुरकुर करतं. हा विषय इथेच सोडतो.

आता ठिणगीची परीक्षा. बहुतेकजण इथेच फसतात. प्लग कॅपमध्ये घालून हेडवर (सिलिंडरच्या वरच्या धातूवर) टेकवला, किक मारली, बारीकशी ठिणगी दिसली, की ‘करंट आहे’ म्हणून मोकळे होतात. उघड्या हवेत ०.७ मिलिमीटरचं अंतर ओलांडायला फार थोडं व्होल्टेज लागतं. तीच ठिणगी सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवेत पडायची असेल तर कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे बाहेर दिसणारी अशक्त ठिणगी आत गेल्यावर पडतच नाही, किंवा पडायला सोपी अशी दुसरी वाट शोधते: कॅपमधल्या तड्यातून, नाहीतर वायरच्या चिरेतून हेडवर.

म्हणून ठिणगी तपासायचा टेस्टर वापरा, ज्यात सहा-सात मिलिमीटरची फट असते. नसेल तर एक जुना प्लग घ्या, त्याची बाजूची वाकलेली दांडी कापून टाका. आता ठिणगीला मधल्या टोकापासून थेट कडेच्या धातूपर्यंत उडी मारावी लागेल. हा प्लग हेडच्या स्वच्छ धातूला घट्ट लावा, नुसता टेकवू नका, पेंट किंवा गंज असेल तर घासा. सावलीत किंवा संध्याकाळी पाहा, उन्हात चांगली ठिणगीही दिसत नाही. निळसर-पांढरी आणि ‘टक्’ असा आवाज करणारी हवी. नारिंगी, दोऱ्यासारखी, आवाज न करणारी ठिणगी म्हणजे नापास.

हे करताना दोन गोष्टी सांभाळा. प्लगच्या भोकातून किकसरशी पेट्रोलची वाफ बाहेर येते, त्यामुळे भोक कापडाने झाका आणि ठिणगी तिथून लांब पाडा. दुसरं, कॅप मोकळी लोंबकळत ठेवून किक मारू नका. ठिणगीला जमिनीकडे वाट मिळाली नाही की ते व्होल्टेज कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतं, आणि सीडीआयलाही त्याचा फटका बसू शकतो. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याला सांगावं.

पुढे जायच्या आधी आपल्या गाडीत कुठली पद्धत आहे ते ओळखा, कारण एका पद्धतीत बरोबर असलेली गोष्ट दुसऱ्यात नेमकी उलटी असते. पॉइंटवाल्या गाडीत (पॉइंट म्हणजे उघडझाप करणारे धातूचे दोन तुकडे) बॅटरीचा करंट कॉइलमधून जातो, पॉइंट उघडले की तो अचानक तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उसळतात. सीडीआयमध्ये मॅग्नेटमधली एक कॉइल आतल्या कपॅसिटरला दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भरते आणि दुसरी छोटी पिकअप कॉइल ‘आता सोड’ असा इशारा देते. मोटरसायकलवर सीडीआय आणणाऱ्या सुरुवातीच्या गाड्यांत १९६९ची कावासाकी एच-वन होती, त्यामुळे जुनी गाडी म्हणजे पॉइंटच असं समजू नका. काही सीडीआय बॅटरीवर चालतात, काही थेट मॅग्नेटवर. बॅटरीची वायर काढूनही गाडी पूर्वी सुरू होत असेल तर तुमची मॅग्नेटवरची.

फरक का महत्त्वाचा? बॅटरीवरच्या गाडीत चावी किंवा किल स्विच करंट तोडून इंजिन बंद करतो. मॅग्नेटवरच्या गाडीत तोच स्विच करंट अर्थला जोडून इंजिन बंद करतो. म्हणजे मॅग्नेटच्या गाडीत किलची वायर कुठे सोलवटून हँडलच्या नळीला घासत असेल, किंवा स्विचमध्ये पाणी शिरलं असेल, तर गाडी कायमची ‘बंद’ राहते, बाकी सगळं धडधाकट असूनही.

म्हणून मॅग्नेटवरच्या सीडीआयला माझी पहिली चाचणी ही: सीडीआयच्या कपलरमधून किल स्विचकडे जाणारी वायर वेगळी करा आणि किक मारा. बऱ्याच जपानी गाड्यांत ती काळी-पांढरी असते, पण रंगावर विसंबू नका, वायरिंगचा नकाशा पाहा. ठिणगी परत आली तर सीडीआय ठणठणीत आहे, रोग स्विचमध्ये किंवा चावीच्या कुलपात. मात्र लक्षात ठेवा, ही वायर काढल्यावर चावीने इंजिन बंद होणार नाही. चोक पूर्ण ओढून किंवा वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडून ते बंद करायची तयारी आधी ठेवा. एकदा मी ही तयारी न करता चाचणी केली आणि किंचाळणाऱ्या इंजिनाशेजारी पेट्रोलचा कॉक फिरवून कार्बोरेटर रिकामा व्हायची वाट बघत उभा राहिलो. तो मिनिट फार मोठा असतो.

ही चाचणी निरुपयोगी ठरली की प्लगकडून मागे चालायला लागा. प्लग नवा आहे म्हणून त्याला सोडू नका. नवा प्लगही बाद निघतो, आणि पेट्रोलने एकदा भिजलेला प्लग कधीकधी सुकवूनही नीट पेटत नाही. मल्टिमीटरने मधलं टोक आणि बाहेरचा धातू यांच्यात मोजा, काहीच वाचन येता कामा नये. मधल्या टोकापासून वरच्या टोपीपर्यंत साध्या प्लगला जवळपास शून्य ओहम आणि रेझिस्टरवाल्याला साधारण पाच हजार ओहम येतात.

मग कॅप. या छोट्या काळ्या वस्तूने मला तीन संध्याकाळी लोळवलंय. स्वतःचीच गाडी होती. कॉइल बदलली, दुसऱ्या गाडीचा सीडीआय आणून लावला, वायरिंग उलगडून झाली. ठिणगी थंडीत यायची, पाच मिनिटांनी नाहीशी व्हायची. शेवटी वैतागून कॅप वायरीवरून फिरवून काढली आणि तिच्या प्लगकडच्या भोकात डोकावून पाहिलं तर आत पितळेचा स्क्रू, त्यावर चपट्या स्क्रूड्रायव्हरची खाच. तो सोडवला. आधी एक छोटी स्प्रिंग पडली, अर्धी हिरवी झालेली. तिच्यामागोमाग पेन्सिलीच्या तुकड्याएवढा रेझिस्टर निघाला, आणि त्याच्या एका टोकाला करंट उड्या मारून मारून काळी राख जमली होती. मीटरवर पाच हजार ओहमऐवजी काहीच नाही. गार असताना राखेतून ठिणगी कशीबशी वाट काढायची, गरम झाली की फट वाढायची. तेव्हापासून कुठलीही गाडी आली की कॅप आधी.

तुम्हीही कॅप वायरीवरून काढा (बहुतेक कॅप स्क्रूसारख्या उलट्या फिरवून निघतात), मीटर लावा, हलवत-वाकवत वाचन पाहा. कॅपवर पाच हजार ओहम लिहिलं असेल आणि मीटर पन्नास हजार दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर ती फेका. वायरीचं टोक काळं-हिरवं झालं असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून ताजं तांबं बाहेर काढा आणि कॅप परत घट्ट फिरवा. वायर कापायला पुरेशी लांब आहे ना, हे आधी बघा. काही कॉइलमध्ये वायर कायमची ओतलेली असते, फार कापली तर कॉइलच गेली. अंधारात गाडी चालू ठेवून वायरीवर स्प्रेने पाण्याचा हलका शिडकावा करून पाहा. करंट गळत असेल तर निळी काजव्यासारखी झळाळी दिसते, आणि ती दिसली की मीटरची गरज उरत नाही.

आता इग्निशन कॉइल, जिला बरेचजण एचटी (हाय टेन्शन) कॉइल म्हणतात. पॉइंटवाल्या १२ व्होल्टच्या कॉइलला प्राथमिक गुंडाळीत साधारण ३ ते ५ ओहम येतात, ६ व्होल्टच्या गाडीला त्याहून कमी. सीडीआयची कॉइल एक ओहमहूनही खाली दाखवते, त्यामुळे ‘शॉर्ट झाली’ म्हणून घाबरू नका. आधी मीटरच्या दोन वायरी एकमेकींना लावून येणारं वाचन वजा करा. दुसऱ्या गुंडाळीला काही हजार ओहम हवेत, कॅप काढून मोजलेत तर. कॉइलची अर्थ ही स्वतंत्र बाब आहे: पुष्कळ गाड्यांत ती फ्रेमला बसवलेल्या बोल्टमधूनच मिळते. फ्रेमला नवा रंग दिल्यावर अनेक गाड्या याच कारणाने गप्प बसतात. एक जाड वायर घेऊन कॉइलचा धातू थेट इंजिनला जोडा आणि किक मारा. फुकटची चाचणी आहे.

पॉइंटवाल्यांसाठी थोडं थांबतो, कारण जुन्या गाड्यांत तेच जास्त, आणि तिथे दोष डोळ्यांना दिसतो हे सुख आहे. एक तीन वॅटचा दिवा घ्या, एक टोक पॉइंटच्या हलत्या बाजूला, दुसरं अर्थला. चावी चालू करून इंजिन हाताने फिरवा. पॉइंट मिटले की दिवा विझला पाहिजे, उघडले की पेटला पाहिजे. दिवा कधीच पेटत नसेल तर बॅटरीचा करंट तिथपर्यंत येतच नाहीये, किंवा पॉइंटची हलती बाजू कुठेतरी कायमची अर्थला चिकटलीय. दिवा पेटूनच राहत असेल तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यात तेल-मळ आहे, किंवा पॉइंटच्या प्लेटला अर्थ नाही.

दिवा कधीच न पेटण्यामागे एक कारण अगदी ओळखीचं आहे. कुणीतरी नवे पॉइंट बसवले आणि नेमकी तेव्हापासून गाडी मेली. पॉइंटच्या स्प्रिंगचं टोक, कॉइलची वायर आणि कंडेन्सरची (पॉइंटवरची ठिणगी शोषणाऱ्या छोट्या डबीची) वायर या तिघांनी एकमेकांना चिकटायचं आणि प्लेटपासून अलग राहायचं, अशी ती रचना असते. त्यासाठी स्क्रूवर फायबरचे एक-दोन पातळ वॉशर असतात, टाचणीच्या डोक्यापेक्षा जाड नाहीत. ते उलट्या क्रमाने बसले, की कॉइलचा करंट पॉइंट उघडले तरी थेट जमिनीत जातो. डोळ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. ते उघडताना प्रत्येक तुकडा फडक्यावर ओळीने मांडा, मोबाईलने फोटो काढा. मी मांडत नव्हतो तेव्हा माझं काय झालं ते सांगत बसत नाही.

पॉइंट घासायचे तर बारीक पॉलिश पेपरने, आणि नंतर स्वच्छ कोरा कागद मिटलेल्या पॉइंटमधून ओढून घ्या, म्हणजे धूळ-तेल निघेल. पॉइंटची फट साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. कॅमला घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजली की फट कमी होते, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे जातं आणि किक जड-निर्जीव वाटते. कॅमवर थोडं ग्रीस लावा, पण ते पॉइंटवर उडेल इतकं नाही.

कंडेन्सर बिघडला की पॉइंट उघडताना तिथे ढळढळीत ठिणगी पडते आणि पॉइंट काळे पडून जळतात. प्लगवर मात्र ठिणगी दुबळी. नवे पॉइंट महिन्याभरात पुन्हा जळले असतील तर पॉइंटला दोष देऊ नका. कंडेन्सरची क्षमता साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड असते आणि तो स्वस्त भाग आहे, तपासत बसण्यापेक्षा चांगल्या प्रतीचा बदलून पाहणं मला परवडतं. एवढ्या एका भागाबाबत मी ‘बदलून पाहा’ म्हणतो.

बॅटरीवरच्या गाडीत व्होल्टेज कुठे गळतंय तेही मोजा. विश्रांतीत पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६च्या आसपास असते. चावी चालू आणि पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकावर मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी येत असेल तर चावीचा स्विच, किल स्विच, फ्यूज किंवा एखादा कपलर करंट खातोय. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून कॉइलला थेट वायर लावा. गाडी लगेच उठली तर तुम्हाला गुन्हेगाराची गल्ली कळली, आता एकेक कपलर उघडून घर शोधायचं. हिरवा गंज चढलेले कपलर खरवडा, स्प्रेने धुवा, टोकं थोडी आवळून घट्ट बसवा. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात जास्त गाड्या यातच सुरू होतात.

आता तुमच्या गाडीकडे, म्हणजे ढकलून सुरू होण्याकडे. ढकलल्यावर इंजिन किकपेक्षा जोरात फिरतं आणि मॅग्नेटमधली कॉइल जास्त व्होल्टेज देते. म्हणजे तुमची सीडीआय भरण्याइतका करंट कमी वेगात मिळतच नाहीये, किंवा मिळतो आणि वाटेत वाया जातो. दोन्हीत मॅग्नेटमधली चार्जिंगची कॉइल, जिला एक्सायटर म्हणतात, ती संशयित नंबर एक. तिच्या गुंडाळीतले काही वेढे आपसात शॉर्ट झाले की ती जेमतेम भरते. सीडीआयच्या कपलरपाशी सोडवून तिची वायर आणि अर्थ यांच्यात मोजा. गाडीप्रमाणे शंभर ते पाचशे ओहम असं मोठं अंतर असतं, म्हणून तुमच्या मॉडेलचा आकडा मिळवा आणि त्याच्याशी ताडा. शून्य आलं तर शॉर्ट, काहीच न आलं तर तार तुटली. पिकअप कॉइलही तशीच मोजा, तिचा आकडाही पुस्तकाशी ताडा. तिच्यात आणि मॅग्नेटच्या उंचवट्यात मिलिमीटरहून कमीच फट असते, ती पुस्तकाप्रमाणे आहे ना, पाहा. वर्षभर उभ्या गाडीत मॅग्नेटच्या आत पाणी साचून गंज चढलेला दिसतो. तो घासून काढला तरी कॉइलची वायर जिथे सोल्डर केलेली असते तिथे टाका तुटला असेल, तोही बघा. मॅग्नेट काढायला त्याचा योग्य पुलर वापरा, हातोडा नको, हातोड्याने आतल्या चुंबकाला तडा जातो.

ओहम बरोबर आले म्हणजे कॉइल निर्दोष असं नाही. गरम झाल्यावर ती तुटते आणि गार झाल्यावर जुळते, म्हणूनच तुमची गाडी चालू होऊन बंद पडते. गाडी बंद पडली त्या क्षणी, गार होऊ न देता, तिथेच परत मोजा. गरम असताना गेलेलं वाचन थंडीत कुणालाच सापडत नाही. घरीच करायचं तर हेअर ड्रायरने कॉइल तापवत मीटरचा आकडा पाहत बसा. एचटी कॉइल गरम झाल्यावर बिघडते का हे ओळखायचं तर ओलं कापड पिळून तिच्यावर ठेवा, ठिणगी परतली तर उत्तर मिळालं.

ठिणगी दणदणीत, पेट्रोल ताजं, तरीही गाडी किकला उलटा झटका मारते किंवा कार्बोरेटरमधून फटकते, तर टायमिंग. मॅग्नेट क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर) एका अर्धचंद्राकार चावीने जागेवर राहतं. नट सैल राहिला की ती चावी कापली जाते आणि मॅग्नेट थोडं सरकतं. ठिणगी पडतेच, फक्त चुकीच्या वेळी. नट काढून चावी बाहेर ओढून पाहणं अर्ध्या तासाचं काम आहे.

तुमच्या गाडीत माझा अंदाज असा, आणि अंदाजच म्हणा: आधी कॅप आणि वायरीचं टोक, मग किलची वायर, त्यानंतर एक्सायटर कॉइल. हे तिन्ही निर्दोष निघाले, दोन्ही कॉइलचे ओहम थंड आणि गरम दोन्ही वेळा पुस्तकाला जुळले, सगळ्या अर्थ स्वच्छ केल्या, एवढं झाल्यावरच सीडीआयकडे या. मीटर लावून ती तपासता येत नाही, म्हणून तेव्हाही विकत न घेता त्याच मॉडेलच्या चालू गाडीची सीडीआय काढून तुमच्या गाडीला लावा. ती लावायच्या आधी तुमच्या एक्सायटरच्या व्होल्टेजची खात्री करा, नाहीतर तुमची खराब कॉइल दुसऱ्याच्या सीडीआयलाही घेऊन जाईल.